वाफसा येईपर्यंत: देवाची वाट पाहण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

‘देवाची वाट पाहतोय’ हे वाक्य नवापूरपासून रावेरपर्यंत आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दर रविवारी ऐकू येतं. पण वाट पाहता म्हणजे रोज नेमकं काय करता, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. कुणी हातपाय गाळून बसलेलं असतं आणि त्यालाच विश्वास म्हणतं. कुणाचा निर्णय आधीच झालेला असतो, देवाची फक्त सही बाकी असते. दोघांच्याही पदरी शेवटी निराशा पडते आणि बोल देवाला लागतो. चूक बहुतेक वेळा क्रमाची असते, म्हणून हा लेख.

कोरडवाहू कापूस लावणाऱ्याला हा क्रम ठाऊक असतो. मृगाची पहिली सर आली म्हणून तो लगेच लागवड करत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली, वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल आली, की मगच बियाणं जमिनीत जातं. घाई केली तर दुबार पेरणी ठरलेली, आणि बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा. पण पाऊस येईपर्यंत तो झोपूनही राहत नाही. नांगरट, वखरणी, बियाणं, खत सगळं त्याआधी झालेलं असतं. याकोबाने नव्या करारातल्या आपल्या पत्रात (5:7) धीराचा दाखला शेतकऱ्याचाच दिला आहे. त्याच्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडे, त्यावर पेरणी होई. शेवटचा मार्च-एप्रिलात, त्यावर दाणा भरे. मधले चार-पाच महिने शेतकऱ्याने काय करायचं, हाच आपलाही प्रश्न आहे.

टप्पा 1: नेमकी कशाची वाट पाहताय, ते वेगळं करा

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात देवाने आधीच स्पष्ट सांगितलेल्या गोष्टी लिहा. भावाशी अबोला आहे, उसने घेतलेले पैसे द्यायचे आहेत, मजुराची मजुरी अडकवली आहे. या बाबतीत वाट पाहायचीच नसते. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. ‘बांधाच्या भांडणाबद्दल प्रार्थना करतोय’ असं वर्षानुवर्षं म्हणणारा माणूस देवाची वाट पाहत नसतो; देव त्याची वाट पाहत असतो.

दुसऱ्या रकान्यात देवाने सगळ्या विश्वासणाऱ्यांना दिलेली वचनं लिहा: क्षमा, पवित्र आत्म्याची मदत, ख्रिस्ताचं पुन्हा येणं, तो कधी सोडणार नाही हे. इथे वाट पाहायची ती खात्रीने.

तिसरा रकाना आपल्या इच्छांचा. पोलीस भरतीत नाव लागावं, मुलीचं लग्न जमावं, मूल व्हावं, नवऱ्याची दारू सुटावी. यात वाईट काहीच नाही, आणि देवाला हे सांगायलाच हवं. फक्त ही वचनं नाहीत, या विनंत्या आहेत. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट दुसऱ्या रकान्यात ढकलली, की पुढचं सगळं बिघडतं.

ही ढकलाढकल कशी होते, ते जवळून पाहा. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाच्या वचनाचं कार्ड हाती येतं. त्यावर यिर्मया 29:11 असतं, भविष्य आणि आशा देण्याबद्दलचं. तरुण ठरवतो, यंदा नोकरी नक्की. पण ती ओळ बाबेलमध्ये बंदिवान झालेल्यांना लिहिलेल्या पत्रातली आहे, आणि तिच्या अगदी वरच्या ओळीत 70 वर्षांचा आकडा आहे. कार्ड जपून ठेवा, पण अख्खा अध्याय उघडून वाचा. डोळे मिटून पानावर बोट ठेवायचं आणि निघालेल्या ओळीवर लग्न ठरवायचं, ही सवय तर आजच सोडा.

*तपासणी:* देवाने ‘नको’ म्हटलं तर मी ऐकेन का? उत्तर लिहून काढा. यिर्मया 42 मध्ये यरुशलेम पडल्यावर मागे उरलेल्या लोकांनी ‘बरं असो की वाईट, आम्ही परमेश्वराचं ऐकू’ अशी शपथ घेतली. दहा दिवसांनी उत्तर आलं: मिसरात जाऊ नका. त्यांनी संदेष्ट्यालाच खोटं ठरवलं, कारण मिसरची वाट त्यांनी आधीच्या अध्यायातच (41:17) धरलेली होती. तुमचं उत्तर ‘नाही, ऐकणार नाही’ असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. पहिली प्रार्थना हे मन बदलण्यासाठीच करा.

टप्पा 2: वही घाला

साधी शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर तारीख आणि विनंती, एकाच वाक्यात. ‘घराला आशीर्वाद मिळावा’ असं मोघम लिहू नका. सहा महिन्यांनी ते झालं की नाही, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ‘धाकट्याला जूनच्या आत जवळच्या वसतिगृहात प्रवेश मिळावा’ असं लिहा. उजवं पान मोकळं सोडा. जे घडेल ते तारखेसह तिथे येईल, नकारही.

एका वेळी तीनपेक्षा जास्त विनंत्या नकोत. पंधरा विषय लिहिणारी वही महिन्याभरात कपाटात जाते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ती सामानात बरोबर न्यावी. तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहण्याचे महिने वाट पाहण्यातून वजा होत नाहीत.

टप्पा 3: हातातलं काम आणि हाताबाहेरचं काम

प्रत्येक विनंतीखाली दोन ओळी लिहा: माझ्या हातात काय, माझ्या हाताबाहेर काय.

भरतीची वाट पाहणाऱ्याच्या हातात रोजचं धावणं, अभ्यास, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेत काढणं असतं. जागा किती निघतील आणि यादी कधी लागेल, ते हाताबाहेर. मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्याच्या हातात तपासणी असते, आणि ती दोघांची. फक्त सुनेला दवाखान्यात आणि उपास-प्रार्थनेत पाठवायचं आणि मुलाची तपासणी टाळायची, हा आपल्या घरांमधला अन्याय आहे. त्याला प्रतीक्षा म्हणू नका. क्षयरोग्याच्या हातात गोळ्यांचा कोर्स पुरा करणं असतं. साध्या क्षयालाही तो सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून ‘देवाने बरं केलं’ अशी साक्ष देऊन गोळ्या बंद केल्या, तर रोग उलटतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. गोळी घेणं हे अविश्वासाचं लक्षण असल्याचं पवित्र शास्त्रात कुठेही नाही.

या टप्प्यासाठी नहेम्याचे पहिले दोन अध्याय वाचा. नहेम्या पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार होता. किसलेव महिन्यात यरुशलेमची दुर्दशा कानी आली, राजापुढे बोलायची संधी आली ती निसान महिन्यात. मधे सुमारे चार महिने. राजाने ‘तुला काय पाहिजे?’ विचारताच नहेम्याने तिथल्या तिथे मनात प्रार्थना केली आणि लगेच मुदत सांगितली, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागितली, दरवाजांच्या तुळयांसाठी लाकूड मागितलं. हिशेब तयार होता. चार महिने प्रार्थना आणि चार महिने तयारी एकाच माणसाने केली.

सावधान: हातातलं काम संपल्यावर हाताबाहेरच्या कामात हात घालायचा मोह होतो. साहेबाला ‘भेटायला’ जाणं, दलालाला पैसे देणं तिथूनच सुरू होतं. दोन ओळींमधली रेघ ठळक ओढा.

टप्पा 4: रोजची वीस मिनिटं

वेळ ठरवा आणि तीच पाळा. पहाट उत्तम, पण पंपाची वीज रात्रपाळीची असेल आणि पहाटेपर्यंत केळीला पाणी भरायचं असेल, तर पहाटेचा हट्ट धरू नका. दुपारच्या जेवणानंतर बसा. क्रम असा:

1. दोन मिनिटं काहीही न बोलता बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत.
2. पाच मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. आठवडाभर एकच, पुढच्या आठवड्यात दुसरं. सहा आठवड्यांसाठी: 13, 27, 37, 40, 62, 130. 37 वं लांब आहे, ते रोज थोडं थोडं घ्या.
3. पाच मिनिटं वहीतली विनंती आणि मनातली तक्रार.
4. पाच मिनिटं दुसऱ्यांसाठी. स्वतःचा विषय इथे आणायचा नाही.
5. तीन मिनिटं पुन्हा शांत.

तिसऱ्या भागात माणसं अडखळतात. देवाकडे कुरकूर केली तर पाप लागेल, असं वाटतं आणि तोंडातून फक्त गोड शब्द निघतात. तेरावं स्तोत्र समोर ठेवा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांमध्ये दावीद चार वेळा ‘कुठवर?’ विचारतो. पुढच्या दोनमध्ये मागणं मांडतो. शेवटच्या दोनमध्ये देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गातो. दोन, दोन, दोन. तक्रार गाळायची नाही आणि तक्रारीवर थांबायचंही नाही. कित्येकांची प्रार्थना पहिल्या दोन ओव्यांवरच संपते, काहींची सुरुवातच शेवटच्या दोनपासून होते. दोघंही थकतात.

बासष्टाव्या स्तोत्रात आणखी एक बारकावा आहे. पहिल्या ओवीत दावीद म्हणतो की माझा जीव देवापुढे शांत आहे. पाचव्या ओवीत तो स्वतःच्या जिवाला सांगतो, शांत राहा. मधल्या तीन ओव्यांत शत्रू आठवले आणि शांतता गेली. एकाच बैठकीत मन असं पुन्हा ढवळलं तर वाट पाहणं फसलं असं समजू नका. पाचव्या ओवीसारखं पुन्हा सांगा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसून भरपाई करू नका, नेहमीच्या वीस मिनिटांवर या. हिब्रू भाषेत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात. यहोशवा 2 मध्ये राहाबेने खिडकीला तांबडी दोरी बांधली, तिथे त्या दोरीसाठीही हाच शब्द आहे. चऱ्हाट वळताना एखादा धागा तुटला तरी पीळ धरून ठेवतो. रोजच्या बैठकीचं तसंच असतं.

टप्पा 5: उपास, आरोग्य पाहून

आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडणं पुरेसं आहे. ती वेळ प्रार्थनेला द्या. तशी दिली नाही तर फक्त पोट रिकामं राहतं.

निर्जळी उपास उन्हाळ्यात करूच नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांजवळ जातो, आणि शेतात किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या शरीराला तो झेपत नाही. मधुमेही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, गोळ्या सुरू असलेले रुग्ण यांनी जेवण सोडू नये. नंदुरबारकडच्या वाचकांसाठी खास सूचना: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी पाणी तोडायचं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की असह्य दुखणं उसळतं. अशांनी जेवणाऐवजी मोबाईल किंवा टीव्ही सोडावा. यशया 58 मधला उपास तर भुकेल्याला आपली भाकरी वाटून देण्याचा आहे, तो कुणालाही करता येतो.

टप्पा 6: दोघांना सांगा, गटाला नको

दोन माणसं निवडा. एक वयाने आणि विश्वासाने मोठं, पाळकसाहेब किंवा मंडळीतल्या एखाद्या मावशी. दुसरं तुमच्या बरोबरीचं, पण ‘तू चुकतोयस’ म्हणण्याची धमक असलेलं. महिन्यातून एकदा त्यांना वही दाखवा.

व्हॉट्सॲपच्या प्रार्थना गटात रोज विषय टाकला की रोज नवा सल्ला येतो. एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो पाऊल टाक, तिसरा म्हणतो मला स्वप्न पडलं. संध्याकाळपर्यंत डोक्यात देवाच्या आवाजाला जागाच उरत नाही.

सावधान: बाहेरून आलेल्या कुणी ‘तीन महिन्यांत होईल’ अशी तारीख देऊन भविष्य सांगितलं, तर लगेच आमेन म्हणू नका. यिर्मया 28 मध्ये हनन्या नावाच्या संदेष्ट्याने सर्वांसमोर दोन वर्षांत बाबेलपासून सुटका सांगितली. लोकांना तेच हवं होतं. पण परमेश्वराचा आकडा 70 होता. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाची (18:22) कसोटी साधी आहे: घडलं नाही, तर ते परमेश्वराचं नव्हतं. आणि वचन पुरं व्हावं म्हणून आधी अमुक रकमेचं ‘बीज’ पेरा असं कुणी म्हटलं, तर पैसे खिशातच ठेवा आणि पाळकसाहेबांना कळवा. कर्जबाजारी घरांनी अशा बोलण्यावर दागिने गहाण टाकले आहेत.

टप्पा 7: मधला लांब पल्ला

सुरुवातीचे दोन-तीन महिने उत्साहात जातात. खरी परीक्षा त्यानंतर, काहीच घडत नसताना येते. शास्त्रातल्या दोन मोठ्या चुका याच पल्ल्यात झाल्या, म्हणून इथे थोडं थांबू.

संततीचं वचन मिळालेला अब्राहाम हारानहून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता. कनानात दहा वर्षं झाली आणि त्याची बायको सारा हिने आपली दासी हागार हिच्यापासून मूल होऊ देण्याचा तोडगा सुचवला. 86 व्या वर्षी इश्माएल झाला, इसहाक झाला 100 व्या वर्षी. तोडगा त्या काळच्या रीतीला धरून होता, शेजारीपाजारी कुणी नाव ठेवलं नसतं. म्हणूनच तो धोक्याचा होता. आणि त्याची किंमत हागारेने मोजली, जिला कुणी विचारलंच नव्हतं. आपला हागारेचा तोडगा असाच सभ्य दिसतो: शाळेत चिकटण्यासाठी सावकाराकडून काढलेलं ‘डोनेशन’, वय वाढतंय म्हणून चौकशी न करता आठ दिवसांत उरकलेलं लग्न, मुलाचा आजार लपवून जमवलेली सोयरीक. प्रत्येक वेळी किंमत मोजणारं माणूस दुसरंच असतं.

दुसरी चूक इस्राएलचा राजा शौल याची, गिलगाल इथे (1 शमुवेल 13). आपण येऊन अर्पण करेपर्यंत संदेष्टा शमुवेल याने सात दिवस थांबायला सांगितलं होतं. शौल सात दिवस थांबला, हे विसरू नका. पण शमुवेल दिसेना, पलिष्टी जमू लागले, माणसं पांगू लागली. शेवटी 600 च उरली. त्याने स्वतःच होमार्पण केलं, आणि ते संपतं न संपतं तोच शमुवेल आला. शौलाचं उत्तर ऐका: माझा नाइलाज झाला. गर्दी ओसरतेय, लोक काय म्हणतील, वेळ निघून चाललीय. आपली घाईही याच तीन कारणांची असते.

घाईचं पाऊल उचलण्याआधी हे प्रश्न स्वतःला विचारा:

- हे करण्यासाठी कुणाशी खोटं बोलावं लागेल का?
- याची किंमत असं कुणी मोजणार आहे का, ज्याला मी विचारलेलं नाही?
- माझ्या दोन माणसांपासून मी हे लपवतोय का?

एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पाऊल मागे घ्या. तिन्ही उत्तरं ‘नाही’ असली तरी सात दिवस थांबा आणि आठव्या दिवशी पुन्हा विचारा.

या पल्ल्यात घर थांबवू नका. सत्तर वर्षं बंदिवासात राहायचं होतं, त्यांना यिर्मयाने लिहिलं: घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. नोकरी लागेपर्यंत हसायचं नाही, मूल होईपर्यंत बारशाला जायचं नाही, असे नियम देवाने घातलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तो विश्वासाचा कमकुवतपणा समजून लपवू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. घरात मारहाण होत असेल तर ‘देव त्याला बदलेल’ म्हणून मार खात थांबायचं नाही. आधी सुरक्षित जागी जा, प्रार्थना तिथून करा.

टप्पा 8: वाफसा ओळखणं

वाफसा पाहताना शेतकरी वरची माती पाहत नाही. चार बोटं खोल हात घालून मूठभर माती काढतो, दाबून गोळा करतो आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडतो. माती हाताला चिकटली तर अजून ओल जास्त, गोळाच झाला नाही तर कोरडी, पडून भुसभुशीत फुटला तर वाफसा. उत्तर आलं असं वाटलं की तेही असंच तपासायचं. समोरची वाट शास्त्राच्या आज्ञेविरुद्ध जात नाही ना? तुमच्या दोन्ही माणसांना ती पटते का? दार लाच किंवा दडपणाशिवाय उघडलं का? दोन आठवड्यांनी उत्साह ओसरल्यावरही ते योग्यच वाटतं का? चारही ठिकाणी ‘हो’ आलं तर पुढे जा, आणि मग उगाच रेंगाळू नका. वाफसा निघून गेल्यावर पेरणं हीसुद्धा चूकच आहे.

फक्त मनाला शांती वाटते, हा एकच पुरावा धरू नका. देवाची आज्ञा टाळून पळणारा योनाही तार्शीशच्या जहाजात गाढ झोपला होता.

टप्पा 9: उजवं पान भरणं

‘हो’ आलं तर तारीख घाला, त्याच आठवड्यात उपकारस्तुती करा. साक्ष देताना थांबलेले महिनेही सांगा. नुसता शेवट ऐकवला की मागच्या बाकावर अजून वाट पाहत बसलेल्याला आपल्यातच काही खोट आहे असं वाटतं.

‘वेगळं’ आलं तर तसंच लिहा. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सततचा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचं सांगितलं गेलं. त्यानंतर त्याने चौथ्यांदा विनंती केल्याचं लिहिलेलं नाही.

‘नाही’ आलं तर 2 शमुवेल 12 उघडा. बाळ आजारी होतं तेव्हा त्याचा बाप दावीद उपाशी, जमिनीवर पडून होता. सातव्या दिवशी बाळ गेलं. त्याला सांगायला चाकर घाबरत होते. दावीद उठला, अंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन केलं, घरी येऊन जेवण मागितलं, आणि जेवला. नंतर बाळाची आई बथशेबा हिचं सांत्वन करायला गेला. याच क्रमाने करा. रडायचं असेल तर उठण्याआधीही रडा आणि नंतरही. त्या दिवशी घरी कुणी डबा घेऊन आलं तर नको म्हणू नका. उजव्या पानावर तारीख आणि ‘नाही’ एवढंच लिहा, कारण लिहू नका, ते कुणी अजून सांगितलेलं नाही. खाली चार ओळी कोऱ्या सोडा आणि पुढच्या पानावर नवी विनंती घाला, निदान शेजारच्यासाठी तरी.